टॅरोची ७८ पाने आणि अडलेला निर्णय

पत्त्यांचा कॅट हाती आला की आपल्या घरांतून झब्बू, बदाम सात, मेंढीकोट किंवा फार तर रमीचा डाव मांडला जातो. पत्ते म्हणजे सुटीतला विरंगुळा आणि वडीलधाऱ्यांच्या मते वेळेचा अपव्यय. मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून एक निराळाच कॅट लोकांच्या परिचयाचा झाला आहे. त्यात ७८ पाने असतात, प्रत्येक पानावर एक चित्र असते आणि तो मांडून बसणाऱ्याला कोणताही डाव जिंकायचा नसतो. नोकरी सोडावी का, आलेल्या स्थळाला होकार द्यावा का, आईवडिलांना शहरात आणावे की आपणच गावी परतावे, असा एखादा अडलेला प्रश्न त्याच्या मनात असतो. हा कॅट म्हणजे टॅरो. मूळ फ्रेंच शब्दाच्या शेवटी 'ट' लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही. मराठीत 'टॅरो' आणि 'टॅरट' अशी दोन्ही रूपे आढळतात.

टॅरोविषयी बोलताना लोक सहसा दोन टोके गाठतात. एकाला त्यात भविष्य दिसते, दुसऱ्याला निव्वळ थोतांड. ज्याला ही पाने वाचायला शिकायची आहेत, त्याने ही दोन्ही मते काही काळ बाजूला ठेवून पत्ते आले कोठून आणि त्यांत आहे तरी काय, हे आधी पाहावे. कारण टॅरोभोवतीचे बरेचसे गूढ त्याच्या इतिहासाविषयीच्या अज्ञानातून निर्माण झालेले आहे.

मुळात खेळाचे पत्ते

युरोपात पत्ते पोहोचले ते १३७०च्या दशकात, आणि तेही मुस्लिम जगातून. इजिप्तमधील ममलूक राजवटीच्या काळातील एक देखणा संच इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपून ठेवलेला आहे. त्यात चषक, नाणी, तलवारी आणि चौगानाच्या म्हणजे पोलोच्या काठ्या अशी चार चिन्हे आहेत. इटलीत पोलोचा खेळ ठाऊक नसल्याने काठ्यांचे सोटे झाले. बाकीची तीन चिन्हे तशीच राहिली. याच संचातील एका पानावर 'कंजिफा' हा शब्द लिहिलेला आहे. मराठी वाचकाला तो अपरिचित वाटणार नाही. सावंतवाडीच्या राजघराण्याने १९७०च्या दशकात ज्या कलेला पुन्हा जीवदान दिले, त्या गंजिफाचा हा शब्द. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि दहा आकडी पाने, अशी दशावतारी गंजिफाची १२० गोल पाने असतात. टॅरो आणि गंजिफा ही त्या अर्थाने एकाच विस्तीर्ण घराण्याची, एकमेकांना न ओळखणारी भावंडे म्हणावी लागतील.

टॅरोचा जन्म उत्तर इटलीत १४४०च्या सुमारास झाला. फ्लॉरेन्समध्ये १४४० साली आणि फेराराच्या दरबारी हिशेबात १४४२ साली त्याचा उल्लेख सापडतो. तेव्हा त्याचे नाव 'कार्ते दा त्रिओंफी', म्हणजे विजयाचे पत्ते, असे होते. आधीपासून प्रचारात असलेल्या चार रंगांच्या पत्त्यांना चित्रांची एक पाचवी मालिका जोडण्यात आली. ही चित्रे बाकीच्या पानांना मारू शकत. अर्थात ती कायमची हुकमाची पाने होती. हुकमासाठी इंग्रजीत वापरला जाणारा 'ट्रम्प' हा शब्द याच विजयवाचक शब्दाचे रूपांतर आहे. आपला नेहमीचा ५२ पानांचा कॅट टॅरोतून निघाला, असे अनेक जण सांगतात. क्रम नेमका उलटा आहे. साधे पत्ते आधी आले, टॅरो त्यानंतर सुमारे साठ-सत्तर वर्षांनी. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा या सत्ताधारी घराण्यांसाठी सोन्याच्या वर्खावर रंगवलेले संच आजही पाहायला मिळतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध संचाची ७४ पाने उरली असून ती न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय, बेर्गामोची कारारा अकादमी आणि एक इटालियन घराणे यांच्यात विभागलेली आहेत. हा सगळा खटाटोप खेळासाठी होता. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात टॅरोचा डाव आजही रंगतो आणि तो खेळणाऱ्यांना त्यात गूढ असे काही वाटत नाही.

तुरळक अपवाद सोडले तर सुमारे साडेतीनशे वर्षे हीच स्थिती होती. वळण आले ते पॅरिसमध्ये १७८१ साली. आंत्वान कूर द जेबलँ या विद्वानाने आपल्या बहुखंडी ग्रंथाच्या आठव्या खंडात असे प्रतिपादन केले की, टॅरो हे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे ज्ञान चित्ररूपाने जपणारे पुस्तक आहे. पुरावा कोणताच नव्हता. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा जगात कोणालाही वाचता येत नव्हती. शांपोल्यिओंने ती उलगडली १८२२ मध्ये, आणि त्यानंतर वाचल्या गेलेल्या कोणत्याही लेखात टॅरोचा मागमूस लागला नाही. पण कल्पना मोहक होती. चारच वर्षांनी एतेय्या या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका पॅरिसकराने टॅरोवरून भविष्य सांगण्याचे पुस्तक काढले आणि १७८९ मध्ये खास त्यासाठीचा कॅटही छापला. पुढे १८५०च्या दशकात एलिफास लेवी याने २२ चित्रांचे नाते हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांशी जोडले. आज टॅरोच्या वर्गात 'पाच हजार वर्षांपूर्वीचे ज्ञान' म्हणून जे सांगितले जाते, त्याचे वय प्रत्यक्षात अडीचशे वर्षांच्या आत आहे. ऑक्सफर्डमधील तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी १९८० मध्ये टॅरोच्या खेळावर एक जाडजूड ग्रंथ लिहून हा इतिहास साधार मांडला. तरीही इजिप्तची कथा काही मागे हटलेली नाही.

पामेलाची चित्रे

आज शिकाऊ व्यक्तीच्या हाती जो कॅट बहुधा पडतो, तो लंडनमध्ये डिसेंबर १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकाशक विल्यम रायडर अँड सन, योजना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. दोघेही 'गोल्डन डॉन' या १८८८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या गूढविद्येच्या मंडळाशी संबंधित होते. पुढची कित्येक दशके हा कॅट 'रायडर-वेट' या नावाने विकला गेला. प्रकाशकाचे नाव राहिले, लेखकाचे राहिले. जिने सगळी पाने रेखाटली तिचे नाव मात्र गळाले. अलीकडे 'रायडर-वेट-स्मिथ' असे म्हणण्याची पद्धत पडली आहे, हे योग्यच झाले.

पामेला यांचा जन्म १८७८चा, लंडनमधला, आईवडील अमेरिकन. बालपण मँचेस्टर आणि जमैकात गेले, चित्रकलेचे शिक्षण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये झाले. त्यांनी जमैकाच्या लोककथांचे पुस्तक काढले आणि नाटक मंडळींबरोबर राहून रंगभूमीसाठी रेखाटनेही केली. टॅरोची जवळपास ८० चित्रे त्यांनी काही महिन्यांत पूर्ण केली आणि नोव्हेंबर १९०९ मध्ये न्यूयॉर्कचे छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना पत्रातून कळवले की काम मोठे झाले, पैसे मात्र अगदी थोडे मिळाले. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधील ब्यूड या गावी त्यांचे निधन झाले ते हलाखीतच. प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांची वेलांटीदार सही आहे. नवशिक्याने आधी ती शोधावी.

या चित्रांचे महत्त्व असे की, त्यापूर्वीच्या बहुतेक संचांत फक्त २२ मोठी पाने आणि राजा-राणीची पाने सचित्र असत. चषकांची पंजी म्हणजे पाच चषक, एवढेच. तिचा अर्थ पाठ करण्यावाचून गत्यंतर नसे. पंधराव्या शतकाच्या अखेरीचा 'सोला बुस्का' हा इटालियन संच त्याला अपवाद होता; त्याची छायाचित्रे १९०७च्या सुमारास ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती आणि पामेला यांच्या काही पानांवर त्याची छाप स्पष्ट आहे. पण सर्वच्या सर्व पानांवर माणसांचे प्रसंग रेखाटून ती सर्वसामान्यांच्या हाती पोहोचवण्याचे श्रेय १९०९च्या संचाकडेच जाते. चषकांची पंजी आता अशी दिसते: काळ्या झग्यातील एक व्यक्ती मान खाली घालून उभी आहे, समोर तीन चषक लवंडले आहेत, पाठीमागे दोन शाबूत उभे आहेत आणि दूरवर नदीवर एक पूल आहे. याचा अर्थ सांगायला पुस्तक लागत नाही.

ही चित्रे रंगभूमीशी निगडित असलेल्या कलावंताची आहेत, ही गोष्ट शिकताना फार उपयोगी पडते. पान हाती आले की ते नाटकातल्या प्रवेशासारखे पाहावे. रंगमंचावर कोण आहे, कोणाची नजर कोठे आहे, कोणाची पाठ आपल्याकडे आहे, जमिनीवर काय पडले आहे, मागे आकाश कसे आहे? अर्थांच्या याद्या पाठ करणाऱ्यांपेक्षा अशा रीतीने पाहणारे लवकर तयार होतात.

रचना

७८ पानांपैकी २२ मोठी पाने 'मेजर अर्काना' म्हणून ओळखली जातात. शून्य क्रमांकाच्या खुळ्यापासून एकविसाव्या विश्वापर्यंत. उरलेली ५६ पाने चार रंगांची, प्रत्येकी १४: एक्का ते दश्शी, शिवाय हुजऱ्या, घोडेस्वार, राणी आणि राजा. चषक भावनांचे, तलवारी विचारांच्या आणि वादाच्या, सोटे उमेदीचे व कामाचे, नाणी पैसा, शरीर आणि घरदाराची, असा ढोबळ संकेत आहे. जाता जाता एक गंमत: इस्पिकाला इंग्रजीत 'स्पेड' म्हणतात तो शब्द तलवारीचा आहे आणि किलवराला 'क्लब' म्हणतात तो सोट्याचा. चिन्हे फ्रेंचांनी बदलली, नावे जुनीच राहिली.

शिकण्याची रीत

घाई करणारा पहिल्याच आठवड्यात दहा पानांची 'केल्टिक क्रॉस' मांडणी करून बसतो आणि गोंधळतो. त्यापेक्षा रोज एक पान हा जुना, कंटाळवाणा वाटणारा मार्ग उत्तम. सकाळी एक पान काढावे, पुस्तक न उघडता दोन-तीन मिनिटे पाहावे आणि जे दिसते ते वहीत लिहावे. अर्थ नव्हे, दृश्य. मग पुस्तक उघडून ताडून पाहावे. रात्री त्या दिवसाबद्दल एक ओळ लिहावी. एकही पान पुन्हा न घेता गेल्यास सगळा कॅट ११ आठवड्यांत आणि एका दिवसात पूर्ण होतो.

या काळात आकड्यांचे धागे आपोआप हाती येतात. चारही रंगांच्या पंजी एकत्र ठेवाव्यात. चषकांच्या पंजीत शोक आहे. सोट्यांच्या पंजीत पाच जण एकमेकांवर सोटे उगारत आहेत. तलवारींच्या पंजीत एक जण छद्मी हसत इतरांनी टाकलेल्या तलवारी गोळा करतो आहे. नाण्यांच्या पंजीत दोन दरिद्री माणसे बर्फातून, चर्चच्या उजळलेल्या खिडकीखालून चालली आहेत. पाच म्हणजे विस्कटलेली घडी, हे मग सांगावे लागत नाही. एक्क्यांत आरंभ आहे, दश्शींत शेवट किंवा अतिरेक. सर्वांत अवघड जातात ती राजा-राणीची सोळा पाने, कारण ती कधी एखादी व्यक्ती दाखवतात तर कधी आपल्याच स्वभावाची एखादी बाजू. त्यांना वेळ लागतो; लागू द्यावा.

पान उलटे आले तर अर्थ उलटा घ्यावा का, यावर टॅरो वाचणाऱ्यांत एकमत नाही. निदान पहिल्या सहा महिन्यांत नवशिक्याने सर्व पाने सुलटी करून घ्यावीत. ७८ दृश्ये नीट ओळखीची होण्यापूर्वी १५६ अर्थांचे ओझे कशाला?

सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे प्रश्न. 'माझे लग्न टिकेल का?' या प्रश्नाला पत्ते उत्तर देऊ शकत नाहीत, कारण त्यांना ते ठाऊक नाही. 'या भांडणात मी कोणती गोष्ट बोलायची टाळतो आहे?' हा प्रश्न मात्र चित्रासमोर ठेवता येतो, कारण त्याचे उत्तर विचारणाऱ्याजवळच असते. होय-नाही, केव्हा आणि तो किंवा ती काय विचार करते, हे तीन प्रकार टाळले तरी निम्मी चूक टळते.

एक नमुना

समजा, नाशिकच्या एका कंपनीत नोकरी करणाऱ्या चाळिशीतील स्त्रीला बढतीवर बंगळूरला जाण्याची संधी आली आहे. मुलगी आठवीत आहे. वडील एकटे, नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेतून उठलेले. उत्तर द्यायला आठ दिवस आहेत. तिने पहिल्यांदा प्रश्न लिहिला तो असा: 'बंगळूरला जाणे चांगले ठरेल का?' मग खोडून लिहिले: 'या निर्णयात माझ्या नजरेतून काय सुटते आहे?' पाने पिसून, काटून तिने तीन पाने मांडली. पहिले आत्ताच्या स्थितीचे, दुसरे अडसराचे, तिसरे पुढच्या पावलाचे.

पहिले पान तलवारींची दुर्री. डोळ्यांवर पट्टी बांधलेली स्त्री, छातीवर आडव्या धरलेल्या दोन तलवारी, मागे खडकाळ समुद्र आणि चंद्रकोर. तिने लिहिले, 'मी निर्णय घेत नाही, नुसती तोलते आहे. हात भरून आले आहेत.' दुसरे पान सोट्यांची दश्शी. दहा सोट्यांची मोळी उराशी कवटाळून वाकून चाललेला माणूस; मोळीमुळे त्याला समोरचे गाव दिसत नाही. येथे ती थांबली. वडिलांचे काय करायचे याचा विचार तिने एकटीने महिनाभर केला होता. पुण्यातील भावाला विचारले नव्हते. आणि खुद्द वडिलांनाही विचारले नव्हते. तिसरे पान तलवारींची छक्की: नावाडी नाव पुढे नेतो आहे, नावेत पाठमोरी बसलेली स्त्री आणि मूल, आणि नावेतच उभ्या रोवलेल्या सहा तलवारी. पुस्तकातला अर्थ, संकटातून शांत पाण्याकडे. तिच्या नजरेला निराळेच दिसले: या नावेत आई आहे, मूल आहे, पण वडील नाहीत.

या वाचनाने बंगळूरला जावे की नाही, हे ठरले नाही. त्या संध्याकाळी करायचे दोन फोन ठरले. टॅरो निर्णयासाठी वापरायचे ते इतपतच. आणि हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे की, दुसरी कोणतीही तीन पाने आली असती तरी तिला बहुधा वडिलांचाच विषय सापडला असता. मनात तो होताच.

योगायोगाचा हिशेब

७८ पानांतून क्रमाने तीन पाने काढण्याचे ४,५६,४५६ प्रकार आहेत. त्यामुळे 'नेमकी हीच पाने आली' याचे नवल वाटते. पण कोणतीही तीन पाने आली तरी तेवढेच नवल वाटायला हवे. मोठ्या २२ पानांपैकी किमान एक पान तीन पानांच्या मांडणीत येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के आहे. म्हणजे ते आले तर 'नियतीचा संकेत' मानण्याचे कारण नाही. मृत्यूचे पान दहा पानांच्या मांडणीत साधारणपणे आठांपैकी एका वेळी येणारच. चित्र पाहिले तर त्यातही चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर आहे, राजा कोसळला आहे, पण दूर दोन बुरुजांमध्ये सूर्यही आहे. वाचणारे ते पान एखादा अध्याय संपल्याचे मानतात. ज्याच्या घरात कोणी अत्यवस्थ आहे, त्याला हे स्पष्टीकरण पुरेसे होत नाही, हे वाचणाऱ्याने विसरू नये.

मग लोकांना टॅरो 'खरे' का वाटते? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे स्वतंत्र म्हणून एक व्यक्तिवर्णन दिले आणि ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. सर्वांना दिलेले वर्णन एकच होते आणि त्यातील वाक्ये बाजारातल्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. दुसरे उदाहरण रे हायमन यांचे. विद्यार्थिदशेत पैसे मिळवण्यासाठी ते हात पाहत आणि लोकांच्या प्रतिसादामुळे त्यांचा स्वतःचाही हस्तसामुद्रिकावर विश्वास बसला होता. एका अनुभवी कलावंताने त्यांना सुचवले की, रेषांवरून जे निघते त्याच्या बरोबर उलटे सांगून पाहा. त्यांनी तसे केले; गिऱ्हाइके पूर्वीइतकीच प्रभावित झाली. हायमन पुढे मानसशास्त्राचे प्राध्यापक आणि अशा दाव्यांचे परखड टीकाकार झाले.

तरीही एक गोष्ट उरते. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी निर्णय न होणाऱ्या लोकांना संगणकावर नाणे उडवू दिले. नोकरी सोडणे, जोडीदारापासून वेगळे होणे असे गंभीर प्रश्नही त्यांत होते आणि नाणेफेकींची संख्या २०,०००हून अधिक होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, मोठ्या प्रश्नात ज्यांनी बदल स्वीकारला ते सहा महिन्यांनी, न बदलणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी होते. नाण्याला काहीच ठाऊक नव्हते. अडलेल्या माणसाला हलण्यासाठी निमित्त हवे होते, एवढेच. छापा पडल्यावर 'अरेरे' वाटले तर त्यातही उत्तर मिळतेच. टॅरोचे पान याच जातीचे निमित्त आहे; फक्त नाण्याला दोन बाजू आणि पानावर अख्खा प्रसंग.

निमित्ताची ही गरज आपल्याला नवी नाही. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला चिकटवलेली ओली पाकळी वा पान उजवीकडे पडते की डावीकडे, यावर शेतजमिनीपासून सोयरिकीपर्यंतचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडवले गेले. मात्र कौल निर्णय देतो आणि त्यामागे देव व गाव उभे असते. एकदा पाकळी पडली की वाद मिटतो. टॅरोमागे असे कोणी नाही. पान उत्तर न देता बोलायला लावते, आणि ज्याला बोलायचेच नाही त्याच्या ते कामाचे नाही.

कोठे थांबावे

उत्तर आवडले नाही म्हणून पुन्हा पाने पिसणे, हे पहिले धोक्याचे लक्षण. एकाच प्रश्नाला दिवसात चारदा मांडणी करणारा निर्णय घेत नसतो, पुढे ढकलत असतो. एका प्रश्नाला एकदाच मांडणी, आणि परिस्थिती बदलल्याशिवाय दुसरी नाही, असा नियम पहिल्या दिवसापासून घालून घ्यावा. वहीत तारीख, प्रश्न, पाने, पहिली प्रतिक्रिया आणि शेवटी घेतलेला निर्णय लिहून तीन महिन्यांनी पान उलटून पाहावे. आपण पानांत तेव्हा काय वाचले आणि घडले काय, यातील अंतर तेथे विनासायास दिसते. जुळलेले तेवढे लक्षात ठेवण्याची मनाची खोड वहीपुढे चालत नाही.

आजार, गर्भारपण, औषध, कोर्टाचे प्रकरण, शेअर बाजार हे विषय पत्त्यांपुढे आणूच नयेत. छातीतल्या गाठीबद्दल पान काय म्हणते ते पाहण्यात गेलेले तीन आठवडे परत मिळत नाहीत. दुसऱ्यासाठी पाने वाचणाऱ्यावर ही जबाबदारी दुप्पट असते; समोरची व्यक्ती खचलेली असेल तर तिच्यापुढे मनोरा किंवा पाठीत दहा तलवारी रुतलेला माणूस ठेवून गप्प बसणे हा क्रूरपणा आहे. अशा वेळी पत्ते गुंडाळून ठेवावेत आणि त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे, समुपदेशकाकडे किंवा घरच्या माणसाकडे जायला सांगावे.

पैसे देऊन सल्ला घेणाऱ्यांसाठी एक खूण पुरेशी आहे. वाचन संपता संपता 'तुमच्यावर कोणी तरी काही केले आहे' असे सांगून उतारा, खडा किंवा पुढच्या बैठकीचे वाढीव शुल्क पुढे केले गेले, की तेथून उठावे. पत्ते बाळगण्यावर वा वाचण्यावर कायद्याची बंदी नाही. परंतु तथाकथित चमत्काराचा देखावा करून लोकांना फसवणे आणि त्यातून पैसे उकळणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

राहिला प्रश्न कॅट कोठून आणावा, याचा. पहिला कॅट स्वतः विकत घ्यायचा नसतो, कोणी तरी भेट द्यावा लागतो, अशी एक समजूत आहे. तिला काही आधार नाही. रेशमी कापडात गुंडाळणे, चांदण्यात ठेवणे हेही ज्याच्या त्याच्या हौसेचा भाग. नवशिक्याने सर्व पाने सचित्र असलेला, पामेला स्मिथ यांच्या रेखाटनांचा साधा कॅट घ्यावा, कारण बहुतेक पुस्तके त्याच चित्रांवर बेतलेली असतात. क्राऊली आणि लेडी फ्रीडा हॅरिस यांचा 'थॉथ' संच सुंदर असला तरी सुरुवातीला अवघड जातो. पामेला यांच्या निधनाला साठ वर्षे उलटून गेल्याने त्यांच्या मूळ चित्रांवरील स्वामित्वहक्क भारतात २०११ अखेर संपला आहे. त्यामुळे १९०९ची ती पाने कोणालाही छापून, कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून घरच्या घरी कॅट तयार करता येतो.